पिंपरीची बुरशी आणि चाकणचा नायटा

पुण्याकडे राहून आलेल्या माणसाने शनिवारवाडा, पर्वती आणि तिथल्या लोकांचा खोचकपणा यांवर बोलावं, अशी आमच्या नागपुरात अपेक्षा असते. मी पाच-सहा महिने राहून आले आणि शनिवारवाडा पाहिला नाही. मी पाहिली ती बुरशी, आणि बुरशीमुळे माणसाला होणारा नायटा. एवढं सांगितलं की समोरचा माणूस आपली खुर्ची थोडी मागे घेतो. तरी लिहिते, कारण पिंपरी-चाकणच्या बाजूला हौसेने फिरायला कोणी जाईल असं मला वाटत नाही.

जाण्याचं कारण थोडक्यात सांगते. पीएच.डी. झाल्यावर पुढच्या संशोधनासाठी मला पिंपरीच्या एका कारखान्यात जागा मिळाली. "डॉक्टर झालीस ना? मग आता आणखी काय शिकायचं राहिलं?" असं आई म्हणाली. तिला म्हणायचं होतं की आता लग्न कर. माझा प्रश्न वेगळा होता. एकदा नायटा होऊन बरा झालेल्या माणसाचं शरीर त्या बुरशीला लक्षात ठेवतं का? ठेवत असेल तर पुढच्या वेळी ते तिला लवकर हुसकावतं का? याला रोगप्रतिकारशक्ती म्हणतात. आईने ट्रंक भरून दिली, वर लोणच्याची बरणी ठेवली, आणि हा शब्द शेजारणीला कसा सांगायचा ते विचारून घेतलं.

पिंपरी

पिंपरी म्हणजे त्या वेळी एक छोटं स्टेशन, बाभळी, फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांच्या बराकी, आणि या सगळ्यात मधोमध आणून ठेवलेला पेनिसिलिनचा कारखाना. कारखाना नवा कोरा होता. वारा फिरला की एक आंबूस वास यायचा. पहिल्या आठवड्यात मला त्याने मळमळायचं, नंतर भूक लागायला लागली.

इथे बुरशी पाळतात. दोन मजली उंच टाक्यांत तिला साखर घालतात, हवा घालतात, ऊन-थंडी बघतात. घरच्या जावयाची एवढी बडदास्त मी कुठे पाहिली नाही. पण ही बुरशी फार नाजूक. बाहेरचा एखादा जंतू, एखादी परकी बुरशी टाकीत शिरली की सगळा माल नासतो आणि नाल्यात सोडावा लागतो. म्हणून तिथल्या लोकांना परक्या बुरशीची भयंकर धास्ती. आणि मी तर परक्या बुरशीच्या पेट्या घेऊनच दारात उभी होते.

कारखान्याच्या प्रमुख साहेबांनी माझं स्वागत बारा हात लांबून केलं. ते सज्जन होते. त्यांनी मला कुंपणाच्या कडेला, वारा कारखान्याकडून माझ्याकडे येईल अशा बाजूला, एक पत्र्याची शेड दिली. टाक्यांच्या इमारतीत पाय ठेवायचा नाही, एवढी एकच अट. खानावळीच्या माणसाने त्यात आपल्या मनाने भर घातली आणि माझं ताट वेगळं ठेवलं. वेगळ्या ताटाचा अनुभव मला आयुष्यात पहिल्यांदाच आला. ज्यांच्या घरात तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय त्यांना काय वाटत असेल, याचा विचार त्या दिवशी वरण गार होईपर्यंत मी केला. दुसऱ्या दिवसापासून स्टेशनजवळच्या एका सिंधी बाईकडे दाल-पकवान, म्हणजे डाळ आणि कडक पुरी, खायला लागले. तिने मला कुठलं ताट द्यायचं याचा विचारच केला नाही, ती पकवान थेट हातातच देत असे.

काम सुरू करायला मला नायटा झालेली माणसं हवी होती. कारखान्यात एवढे कामगार, म्हणून साहेबांना विचारलं.

"आपल्याकडे एकालाही कातडीचा आजार नाही," ते अभिमानाने म्हणाले. "ज्याला असेल त्याला आम्ही ठेवतच नाही."

ज्याला आजार सांगितल्यावर नोकरी जाते त्याला आजार नसतोच, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. मी नुसतं "वा" म्हटलं.

"तुम्ही चाकणकडे जा," साहेब म्हणाले. "तिकडे गुरंढोरं आहेत."

चाकण

एस.टी. भोसरीवरून मोशीला जाते, तिथे इंद्रायणी ओलांडते आणि मग उघड्या माळावरून चाकणला पोचते. दिवाळी होऊन गेली होती. रस्त्याच्या दोन्ही अंगाला ज्वारी कमरेला आली होती आणि मधूनमधून कांद्याचे हिरवे वाफे. आमच्याकडे काळी जमीन डोळ्यांत भरते. इथे पाहावं तिकडे दूर डोंगर, सपाट माथ्याचे, कोणी वरून सुरीने कापल्यासारखे.

चाकणला बाजाराच्या दिवशी उतरले आणि कांद्याच्या वासाने डोळे पुसत उभी राहिले. बाई एकटी, हातात लाकडी पेटी, आणि रडतेय, असं पाहून एक गृहस्थ पुढे आले. पांढरं मुंडासं, हातात छत्री, चेहऱ्यावर सगळ्या जगाची जबाबदारी. हे रावजीतात्या. जवळच्या करंजवाडीचे. सोयरिकी जुळवणं, भांडणं मिटवणं आणि परगावच्या माणसाचा ताबा घेणं, ही त्यांची कामं कोणी न सांगता त्यांच्याकडे आली होती. मी कशासाठी आलेय ते ऐकून ते म्हणाले, "नायटा? आमच्या वाडीत न्हाई बाई. पर चला, बगू."

पेटीत सूक्ष्मदर्शक होता. वाडीत पोचेपर्यंत लोकांच्या तोंडी तो गाणी वाजवणारा फोनो झाला. संध्याकाळी देवळापुढे म्हाताऱ्या बायका पदर सावरून बसल्या आणि मी पेटी उघडल्यावर गाण्याची वाट पाहू लागल्या. मी कांद्याचा पापुद्रा काचेवर ठेवून एकेकीला दाखवला. सगळ्यांनी पाहिला. शेवटी एक आजी म्हणाली, "आता लाव की गानं."

करंजवाडी

माझी सोय सोनाबाईंच्या घरी झाली. सोनाबाईंचा नवरा वारला होता. घरात त्या, त्यांची अठराएक वर्षांची मुलगी हौसा, दोन बैल, एक गाय आणि एक वासरू. वासरू आमच्याबरोबर ओसरीवरच असे. थंडी वाजली की हौसा त्याला गोधडीत घेई. मलाही ती गोधडी मिळाली. जेवायला बाजरीची भाकरी, पिठलं आणि लसणाचा ठेचा. आम्ही नागपूरकर स्वतःला तिखट खाणारे समजतो. त्या ठेच्यानंतर मी हा समज आवरता घेतला.

वाडीत खरोखरच कोणाला नायटा नव्हता. मी घरोघर हिंडले. "आमच्यात न्हाई, त्या पलीकडल्या आळीत आसंल," असं प्रत्येक आळीने सांगितलं आणि पलीकडली आळी संपल्यावर मी पुन्हा सोनाबाईंच्या दारात आले. तात्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं, "बाई, घरात लग्नाच्या पोरी हायती. कोन कबूल करंल?"

पण माझ्याकडे एक सुई होती. मेलेल्या बुरशीचा थेंबभर अर्क हाताच्या कातडीत टोचायचा. ज्याला पूर्वी कधी नायटा होऊन गेला असेल त्याचं शरीर त्या बुरशीला ओळखतं आणि दोन दिवसांत तिथे लालबुंद गांधी उठते. ज्याला कधीच झाला नाही त्याचा हात कोरा राहतो. थोडक्यात, माणूस काहीही सांगो, हात खरं सांगतो. हे मी तात्यांना सांगितलं नाही. संशोधनाला आवश्यक आहे, एवढंच म्हटलं.

कोणी पुढे येईना. तेव्हा मी आधी स्वतःच्या हाताला टोचून दाखवलं. मग हौसा पुढे आली.

"मला टोचा," ती म्हणाली. "हिरीचं पानी वढून हात असा झालाय का सुई कळायची बी न्हाई."

तिच्यामागून सगळी वाडी आली, कारण रांग लागली की उभं राहावं असं सगळ्यांनाच वाटतं.

मधल्या दिवशी काम नव्हतं, म्हणून तात्यांनी बैलगाडीतून आळंदी दाखवून आणली. घाटावर कीर्तन शिकणारी मुलं पाठांतर करत बसली होती. त्यांतल्या एकाच्या मानेवर मी गाडीतूनच सुरेख गोल नायटा ओळखला आणि उतरून त्याच्याकडे गेले. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि हात मागे घेतला. "मी पखवाज शिकतोय," तो म्हणाला, "हात सुजवून घेता येणार नाही." मान टोचू का, हे विचारायचा मला मोह झाला, पण घाटावर फार लोक होते.

दुसऱ्या दिवशी वाडी हात पुढे करून आली. नायटा नसलेल्या त्या वाडीत बहुतेक सगळ्यांचे हात फुगले होते. हौसाची गांधी सगळ्यांत मोठी, बंद्या रुपयाएवढी. ती म्हणाली, लहानपणी वासराचा नायटा तिला लागला होता, आईने करंजाचं तेल लावलं, गेला. माझा हात मात्र कोराच. आठ वर्षं मी बुरशीत काढली आणि तिने माझ्या अंगाला कधी हात लावला नव्हता.

मला वाटलं होतं, आता वाडी चिडेल. झालं उलटंच. या भागात देवी टोचणारा डॉक्टर येतो, मग काही दिवसांनी हात तपासतो. हात फुगला तर देवी लागू पडली, नाही फुगला तर पुन्हा टोचायचं. तेव्हा फुगला तो पास, हा इथला जुना हिशोब. ज्यांचे हात फुगले ते बाह्या वर करून हिंडू लागले. माझ्या कोऱ्या हाताकडे पाहून सोनाबाईंनी "च्‌ च्‌" केलं आणि म्हणाल्या, "म्हनूनच लगीन रायलं बाईचं."

सुपारी

हौसाची सोयरीक जमत आली होती. मुलगा काळेवाडीचा, पिंपरीच्या कारखान्यात बाटल्या धुण्याच्या खात्यात. नाव किसन. वडील गेनबा, पवनेकाठी चार बिघे शेत. ही नावं मी बदलली आहेत, त्याचं कारण पुढे येईल. किसनला तिने चाकणच्या बाजारात पाहिलं होतं.

"कसा आहे?" मी विचारलं.

हौसा भाकरी थापत होती. "मानूस बरा हाय," ती म्हणाली. मग भाकरी फिरवत, "लगीन झालं का कंपनी खोली देती म्हनं. खोलीत नळ हाय. घरात! हीर न्हाई, वढायचं न्हाई. आईला बी घिऊन जानार हाय मी. तिची कंबर गेली पानी वढून."

हे बोलताना तिने थापायचं थांबवलं नव्हतं, पण ती भाकरी जरा जास्तच पातळ झाली.

ठरलेल्या दिवशी गेनबा चार माणसं घेऊन आले. लहान चणीचे, ताठ, शब्द तोलून टाकणारे. देणंघेणं नव्हतं, मानपान ठरला. आता सुपारी फोडायची तेवढी राहिली. आमच्याकडे गोड खाऊ घालून सोयरीक पक्की होते. इथे सुपारी फुटली की शब्द मोडत नाही. गेनबांच्या पुढे ताट, ताटात सुपारी, हातात अडकित्ता. माजघरातून हौसा दाराच्या फटीतून पाहत होती आणि मी तिच्या खांद्यावरून.

आणि तात्यांना बोलावंसं वाटलं.

"पावनं, पोरगी म्हंजी काय सांगू! परवा बाईंनी सुई टोचली साऱ्या वाडीला. सगळ्यात हात कुनाचा फुगला? आमच्या हौसाचा. एवडा! पंचक्रोशीत न्हाई."

गेनबांचा अडकित्ता थांबला. "कसली सुई?"

"बुरशीची."

गेनबांनी अडकित्ता खाली ठेवला. "माजा ल्योक पेनसिलीनच्या कारखान्यात हाय," ते म्हणाले. "तितं अंगावर भाइरची बुरशी आसली का दुसऱ्या दिशी घरी. साहेबानं सोता सांगितलंय सगळ्यास्नी. आन तुमी बुरशी लागल्याली पोरगी देताय व्हय?"

"लागली नव्हं, लागू पडली!" तात्या म्हणाले.

मी बाहेर आले आणि समजावून सांगितलं. फुगलेला हात म्हणजे आजार नव्हे, तो आजार होऊन गेल्याची शरीराची आठवण आहे, आता तिच्या अंगावर बुरशीचा कण नाही. चांगलं बोलले. विद्यापीठात एवढ्या बोलण्यावर मला पदवी मिळाली होती. गेनबांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हंजी आदी व्हती," ते म्हणाले. त्यांनी ताटातली सुपारी उचलली, न फोडता बंडीच्या खिशात टाकली आणि उठले.

माजघरात हौसा चुलीपुढे बसली होती. रडत नव्हती. "बाई," ती म्हणाली, "तुमच्या सुईनं माजा नळ गेला." मग तिने घागर उचलली आणि विहिरीवर गेली.

काळेवाडी

मी पिंपरीला परतले आणि सरळ साहेबांकडे गेले. बारा हातांवरून सगळं सांगितलं. म्हटलं, तुम्ही फक्त एवढं म्हणा, की त्या मुलीपासून कारखान्याला धोका नाही.

साहेबांनी विचार केला. "धोका नाही हे खरं," ते म्हणाले. "पण त्या गृहस्थांची सावधगिरी मला आवडली. असे पालक हवेत."

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या शेडच्या कुंपणापलीकडे एक उंच, लाजरा मुलगा उभा राहिला. पायांत कारखान्याचे रबरी बूट. "मी किसन," तो म्हणाला. मग बराच वेळ बाभळीकडे पाहत राहिला. "बाई, माज्या एका दोस्ताच्या पायाच्या बोटात चिखल्या झाल्यात. दिसभर पान्यात उबं ऱ्हावं लागतं, बुटात पानी जातं. त्याला मलम मिळंल का?"

"दोस्ताला घेऊन ये."

"त्यो येनार न्हाई. नोकरी जाईल त्याची."

बुरशीचा आजार नसलेल्या कारखान्यातला माझा हा पहिला रोगी. सगळ्यांत स्वच्छ जागी, बाटल्या धुताधुता झालेला. मी मलम दिलं आणि दोस्ताला बूट रोज उन्हात ठेवायला सांगितलं. जाताना तो कुंपणाची तार धरून थांबला.

"पोरगी मला पसंत हाय," तो म्हणाला. "बा ऐकत न्हाई. तुमी आमच्या घरी या, बाई. पर टोचायचं तर बाला टोचा. मला नगं."

त्याचे डोळे तेवढे लाजरे नव्हते.

काळेवाडीला जायचं तर पवना ओलांडायची. नदीला उतार होता, पाणी गुडघाभर. चपला हातात धरून निघाले आणि मध्यावर पाय सटकला. पडले नाही, पण एक चप्पल सुटून धारेबरोबर निघून गेली. म्हणून गेनबांच्या अंगणात मी एक चप्पल हातात आणि लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, अशी उभी राहिले. विद्येचा दबदबा म्हणतात तो काही पडला नाही.

गेनबा बैलांना वैरण घालत होते. त्यांनी घोंगडी अंथरली, पाणी दिलं, चहा दिला. आणि म्हणाले, "सोयरिकीचं बोलू नगा."

"नाही बोलत," मी म्हटलं. "तुमच्या घरात नायटा कधीच नव्हता असं ऐकलं. अशी घरं मला तपासायला हवीत. फार थोडी असतात."

"कदीच न्हाई," गेनबा म्हणाले. "माजा जलम ह्या गोठ्यात गेला. टोचा."

त्यांनी हात पुढे केला. मागे दाराशी किसन जमिनीकडे पाहत उभा होता. गोठ्यातल्या खोंडाच्या मानेवर करड्या पापुद्र्याचे दोन गोल ठिपके मला बसल्या जागेवरून दिसत होते. जन्मभर त्या गोठ्यात वावरलेल्या माणसाच्या हाताचं काय होणार, हे मला ठाऊक होतं. तरी टोचलं. ते हात सरळ ठेवून बसले होते, त्यांच्या सरळपणाची मला दया आली.

दोन दिवसांनी गेले, या खेपेला दोन्ही चपलांसह, दुरून पुलावरून. गेनबा ऊन तापलेलं असताना घोंगडी पांघरून ओट्यावर बसले होते.

"हात बघू," मी म्हटलं.

ते उठले, आजूबाजूला कोणी नाही असं पाहिलं आणि घोंगडी बाजूला केली. पुरी फुगावी तसा हात फुगला होता. हौसाची गांधी त्यापुढे काहीच नव्हती.

"गोठ्यातनं आलं आसंल," शेवटी ते म्हणाले. "ल्हानपनी कवातरी."

"हौसालाही गोठ्यातूनच आलं. वासराचं."

"म्हंजी मला बी व्हता."

"होता. गेला."

गेनबांनी एकदा खोंडाकडे पाहिलं, मग नदीपलीकडे कारखान्याच्या धुराड्याकडे. ते मनात काय जुळवत होते ते त्यांच्या ओठांवरून कळत होतं. मुलगा कारखान्यात लागल्यापासून याच घरात जेवला, याच अंगणात निजला. टाकी काही नासली नाही.

"ह्याची वाच्यता करायची न्हाई," ते म्हणाले.

"नाही," मी म्हटलं. नावं बदलली ती म्हणून.

त्यांनी बंडीच्या खिशात हात घातला आणि सुपारी बाहेर काढली. तीच होती. मधल्या दिवसांत ती त्यांनी टाकून दिली नव्हती, खाल्ली नव्हती, परत ताटातही ठेवली नव्हती. मला त्या क्षणी हा माणूस फार आवडला.

परत

सुपारी पुढच्याच बाजाराच्या आधी फुटली. तात्यांना त्या दिवशी सोनाबाईंनी सारखं काहीतरी खायला देऊन तोंड भरलेलं ठेवलं. गेनबांनी पूर्ण बाह्यांचा सदरा घातला होता. किसनने नवे बूट घातले होते आणि, असं म्हणतात, त्याच्या दोस्ताचे पाय बरे झाले होते.

निघताना हौसा मला चाकणच्या थांब्यापर्यंत पोचवायला आली. खांद्यावर माझी पेटी, मागे वासरू.

"हात बगू तुमचा," ती म्हणाली.

मी दाखवला. त्या दिवसांत आणखी एकदा टोचून पाहिलं होतं. कोराच.

"इतकी वर्सं तुमी तिच्या मागं," हौसा म्हणाली, "आन ती तुमाला वळकत बी न्हाई?"

थट्टाच होती. पण मला लागली. एस.टी. मोशीच्या पुलावर येईपर्यंत मी त्या हातावर बाही ओढून बसले होते. बाहेर ज्वारी पिवळी पडायला लागली होती. मला तो माळ, तो ठेचा, ते सपाट डोंगर सोडवत नव्हते, हे तेव्हा कळलं.

नागपूरला येऊन थोडे दिवस झाले आणि डाव्या मनगटाच्या वर खाज सुटली. मग एक गोल उठला. कडा लाल, मध्ये स्वच्छ. पुस्तकात छापावा असा. गोधडी, वासरू, सगळं आठवलं. आईने हाताला धरून मला खिडकीशी नेलं आणि किंचाळली, "अगं, हे काय करून आणलंस तू?" मी इतकी खूश होते की तिला वाटलं, डोक्यावरही परिणाम झालाय.

मलमाने तो गेला. गेल्यावर मी उजव्या हातावर सुई टोचली आणि दोन दिवस वाट पाहिली. अशी वाट मी परीक्षेच्या निकालाचीही पाहिली नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी गांधी होती. बंद्या रुपयाएवढी नाही, पण चांगली आठ आण्यांएवढी. अंगणात उभी राहून मी ती कितीतरी वेळ पाहिली. एवढ्या मोठ्याने हसले की शेजारीण कुंपणाशी आली.

त्याच दिवशी संध्याकाळी मला पाहायला माणसं येणार होती. "लांब बाह्यांचं पोलकं घाल," आई म्हणाली. "हात जोडते."

मी आखूड बाह्यांचं घातलं.

मुलगा, त्याचे आईवडील, एक काका. पोह्यांच्या बशा फिरल्या आणि मुलाच्या आईने पहिलाच प्रश्न विचारला, "हाताला काय झालंय?"

माझ्या आईने डोळे मिटून घेतले.

"नायटा होऊन गेलाय," मी म्हटलं. "चाकणकडचा. वासराचा." आणि मग पहिल्यापासून सगळं सांगितलं, टाक्या, तात्या, सुपारी, हौसाचा नळ, पवनेत गेलेली चप्पल. काकांनी खुर्ची थोडी मागे घेतली. चहा गार झाला.

मुलगा शेवटपर्यंत ऐकत होता. त्याने बशी खाली ठेवली, डाव्या हाताची बाही कोपरापर्यंत वर सरकवली आणि विचारलं, "सुई फार दुखते का?"